स्वखुशीने

मगदूम साहेबांनी दोन कोरे कागद माझ्यापुढे सरकवले, खिशातलं पेन काढून त्यांच्यावर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "लिही."

"काय लिहू, साहेब?"

"दोन अर्ज. एक रूथ आवळेचा, एक हौसाबाई मान्यांचा. मजकूर मी सांगतो. रूथ सही करेल, हौसाबाईचा अंगठा घेऊ."

मला वाटलं रजेचे अर्ज असतील. मी खुर्ची ओढून बसले, पेनाचं टोपण काढलं. साहेब खिडकीकडे तोंड करून सांगू लागले, "मी खाली सही करणार अमुक अमुक, आपल्या कारखान्यात टेस्टिंग खात्यात काम करते. माझ्या घरगुती अडचणींमुळे, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने..."

त्या शब्दापाशी माझा हात थांबला. लिहीत होते तो कागद मी उचलला, उभा फाडला, मग आडवा फाडला आणि तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले.

"काय झालं?" साहेब वळले.

"हे राजीनामे आहेत."

"मग?"

"त्या दोघींनी सांगितलं का तुम्हाला, आम्हाला जायचंय म्हणून?"

"हे बघ शालन," साहेब खुर्चीत बसले. "माल कोण घेतोय आता आपला? सगळे दवाखाने प्लास्टिकच्या सिरिंजवर गेले. एकदा टोचायची, फेकून द्यायची. टेस्टिंगला सहा बायका बसवून ठेवणं मालकांना परवडत नाही. दोघी कमी करायच्यात. गोडीगुलाबीनं व्हावं म्हणून हे चाललंय."

ते खोटं बोलत नव्हते. पंच्याण्णव साल होतं. मिरजेहून कुपवाडकडे जाताना आमचा काचेच्या सिरिंजचा कारखाना लागायचा. काचेची नळी आणि काचेचा दट्ट्या. प्रत्येक दट्ट्या त्याच्या त्याच्या नळीत घासून बसवलेला. दुसरीत जायचा नाही. आमच्या खात्यात आम्ही नळीच्या तोंडाला बोट लावायचो, दट्ट्या मागं ओढायचो आणि सोडून द्यायचो. तो झटक्यानं परत जागेवर गेला तर माल पास. दिवसाला शेकड्यानं असल्या जोड्या माझ्या बोटांखालून जायच्या. अकरा वर्षं हेच केलं होतं. पण गेल्या दोन वर्षांत टेबलावर येणारे ट्रे निम्म्यावर आले होते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"कमी करायचंय तर कमी करा," मी म्हटलं. "पण कपात म्हणून करा. कारखान्यानं कमी केलं असं पत्र द्या. कायद्यानं जे मिळतं ते मिळू दे त्यांना."

"कपात म्हटलं की लेबर ऑफिसला कळवावं लागतं. ते येणार, पाहणी करणार, रजिस्टरं मागणार. कशाला ती ब्याद? आणि तुला काय करायचंय? तुझं नाव नाही यात. मी स्वतः मालकांना सांगितलंय, शालन खाडे पाहिजेच. तुझं अक्षर बरं म्हणून बोलावलं, बाकी काही नाही."

माझं अक्षर बरं म्हणून. माझे कान तापले. पुढचं मी ठरवून बोलले नाही.

"मग माझं नाव घाला."

"कशात?"

"कपातीत. मी मागून घेते. मला कमी करा. पण राजीनामा देणार नाही. तुम्ही मला कमी केलंत, असं कारखान्याच्या कागदावर लिहून द्या."

साहेब हसले. "डोकं ठिकाणावर आहे का? माणसं नोकरी टिकवायला पाया पडतात."

"ती पडत असतील. माझं नाव घाला."

"जा, काम कर जा," ते म्हणाले आणि कागदाचे तुकडे एका हातानं गोळा करून टोपलीत टाकले.

जेवणाच्या सुट्टीत रूथ माझ्याशेजारी येऊन बसली. मिशनच्या चाळीत राहणारी, सव्वीस वर्षांची, बोलायला हळू. तिला सगळं कळलं होतं.

"आक्का, तुम्ही लिहून द्यायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "साहेब मला महिन्याचा पगार वरून देणार होते. मला भांडण नको. दुसरीकडं बघीन मी काहीतरी."

"त्या कागदावर काय लिहिलेलं असतं माहीत आहे तुला?"

"काय का असेना. सोडायचंच आहे तर काय फरक पडतो?"

"फरक पडतो," मी म्हटलं. माझा आवाज एवढा चढला की पलीकडे बसलेल्या हौसाबाईंनी भाकरीचा घास हातातच धरला. "उद्या तू आजारी पडलीस, कारखान्याकडं काही मागायला आलीस, तर तो कागद काढून दाखवतील. तूच लिहून दिलंस, तुझ्या खुशीनं गेलीस. कुणी काही केलं नाही तुला. कळलं?"

रूथ घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "माझ्यासाठी तुम्ही तुमची नोकरी का घालवताय, आक्का?"

"तुझ्यासाठी नाही."

"मग कुणासाठी?"

मी डबा बंद केला आणि हात धुवायला उठले.

त्याच दिवशी घरी जाऊन मी अर्ज लिहिला. खाली कार्बन घालून तीन प्रती केल्या. कामगार कपातीत माझं नाव स्वतः होऊन देत आहे, मात्र हा राजीनामा समजू नये, तसं रीतसर पत्र मिळावं. आबा, म्हणजे माझे वडील, खाटेवर बसून खोकत होते. घरात आम्ही दोघंच. एकोणिसाव्या वर्षी मी सासरहून परत आले ती आबांच्या घरीच राहिले, आणि त्याच वर्षी आबांचं काम सुटून त्याच कारखान्यात मला काम लागलं. आबाही काचेतलेच, घासणीच्या खोलीतले. "काय लिहितीस एवढं?" त्यांनी विचारलं. "कामाचं आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मगदूम साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "मी हा घेत नाही."

"घेऊ नका. माझ्या प्रतीवर पोहोच द्या."

"घेतच नाही तर पोहोच कसली?"

मी दुपारची रजा टाकली, पोस्टात गेले आणि एक प्रत मालकांच्या नावानं रजिस्टरनं पाठवली, दुसरी सांगलीच्या लेबर ऑफिसच्या पत्त्यावर लिहून पाकिटात घातली. ती मात्र टाकली नाही. ती पर्समध्ये ठेवली.

त्याचा परिणाम तिसऱ्या दिवशी दिसला. सकाळी टेबलापाशी आले तर माझ्या स्टुलावर दुसरीच बाई. मगदूम साहेब दारात उभे होते. "घासणीत माणूस कमी आहे," ते म्हणाले. "काही दिवस तिकडं बस."

घासणीची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, आणि तीही धूळ बाहेर जाऊन भिंतीचा रंग खराब करते म्हणून बंद ठेवलेली. हवा ओढणारा पंखा बसवणार, बसवणार म्हणून मी लहानपणापासून ऐकत होते. भिंतीत त्याच्यासाठी भोकही पाडलेलं होतं. त्यात पोतं कोंबलं होतं. फिरत्या चाकावर दट्ट्या धरायचा. चाकाला ओली भुकटी लागायची, ती वाळली की खोलीभर उडायची. शाळेत असताना मी आबांचा डबा घेऊन यायची तेव्हा आतली माणसं मला ओळखू यायची नाहीत, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. आबांना मी खोकल्यावरून ओळखायची.

तीन दिवस मी त्या खोलीत बसले. तोंडाला पदर बांधून. साहेबांना वाटलं असेल मी रडत येईन. पण रोज संध्याकाळी पदर झटकताना त्यातून जे पडायचं ते बघून माझा राग थंड होण्याऐवजी घट्ट होत गेला. आबांनी या खोलीत वीस वर्षं काढली होती. हा आकडा मला आधीही माहीत होता. पण तीन दिवस काढल्यावर तो मला पहिल्यांदा कळला.

चौथ्या दिवशी मालकांनी बोलावलं.

चौगुले मालक पंच्याहत्तरीचे, पांढरा स्वच्छ लेंगा-सदरा, आवाज कधी चढायचा नाही. माझा रजिस्टरनं आलेला अर्ज समोर होता. मगदूम साहेब बाजूला उभे.

"बस, शालन," मालक म्हणाले.

"उभी आहे ती बरी आहे."

"तू मला मुलीसारखी. असं पोस्टानं कागद पाठवायचं काय कारण? माझं दार तुला बंद होतं का?"

"तोंडी बोललेलं राहत नाही, मालक."

"तुझे वडील इथं वीस वर्षं होते. कधी मान वर करून बोलले नाहीत. किती समाधानानं काम सोडून गेले."

मी तोवर आवाज सांभाळून होते. त्यानंतर सांभाळला नाही.

"समाधानानं?" मी म्हटलं. "तो कागद काढा, मालक. आबांचा. असेल इथंच फायलीत. काढा आणि बघा अक्षर कुणाचं आहे ते."

मालकांनी मगदूम साहेबांकडे पाहिलं.

"माझं आहे," मी म्हटलं. "याच टेबलावर लिहिलाय. हे साहेब सांगत होते आणि मी लिहीत होते. घरगुती अडचणींमुळे. कुणाच्याही दडपणाशिवाय. स्वखुशीने. एकोणीस वर्षांची होते मी, दहावी झालेली, शुद्धलेखन चुकू नये एवढंच बघत होते. आबा इथं असे उभे होते, आणि त्यांना खोकल्यानं धड सही करता येईना, म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. कसली घरगुती अडचण? त्यांची छाती इथं भरली, त्या खोलीत. आणि मी माझ्या हातानं लिहिलं की इथं त्यांना काहीच झालं नाही. आठ दिवसांनी मला टेस्टिंगला लावून घेतलंत. मी पेढे वाटले."

मी पर्समधलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, पत्ता वर करून.

"यात त्याच अर्जाची प्रत आहे. लेबर ऑफिसर आला तर त्याला घासणीची खोली मी दाखवीन. भिंतीतलं पोतंही मीच काढून दाखवीन. नाहीतर आज मला पत्र द्या, हौसाबाईंना द्या, आणि इथून पुढं ज्याला कमी कराल त्याला तसंच पत्र द्या. मला दुसरं काही नको."

मालकांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. मग म्हणाले, "मगदूम, टाइप करून आणा. दोन."

"मालक..."

"आणा म्हटलं ना."

साहेब गेले. मालकांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या वडिलांच्या कागदाचं तू म्हणतेस ते खरं आहे," ते हळू म्हणाले. "पण तुला सगळं माहीत नाही. घरी गेलीस की आबांना विचार, आधी कोण आलं होतं कुणाकडं."

मला वाटलं, म्हातारा स्वतःला वाचवतोय. पत्र आलं. कारखान्याच्या ठशाच्या कागदावर, मालकांच्या सहीचं: कामाच्या अभावी आपणांस कपातीत कमी करण्यात येत आहे. हौसाबाईंना त्यांचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे मी सोडलं न्हाई, व्हय?" नाही, मी म्हटलं, त्यांनी काढलं. त्यांनी पत्र घडी करून चोळीत ठेवलं. रूथ राहिली. पुढं चौदा महिन्यांनी कारखानाच बंद पडला तेव्हा तिला आणि उरलेल्या सगळ्यांना तसलीच पत्रं मिळाली.

घरी गेले तेव्हा चार वाजले होते. एवढ्या लवकर आलेली बघून आबा उठून बसले. मी पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. मी तर कारखान्यापासून घरापर्यंत चालत आले होते, आणि वाटेत मनात एवढंच की आबांना सांगायचं, तुमच्या कागदावर मी जे खोटं लिहिलं ते निदान माझ्या कागदावर नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू मागून घेतलंस?"

"हो."

"तुला ठेवत हुते, आणि तू मागून घेतलंस?"

"तुमच्याशी ते जसं वागले..."

"माझ्याशी कोण कसं वागलं?" आबा ओरडले. त्यांना ओरडलेलं मी फार कमी ऐकलं होतं. ओरडण्यानं खोकला आला, तो थांबेपर्यंत त्यांनी हात वर करून मला गप्प ठेवलं. "मी गेलो हुतो मालकाकडं. मी. कागदाच्या आधी चार दिवस. मी म्हटलं, मला जे काय द्यायचं बसतंय ते देऊ नका, औषधपाण्याचंबी नको, कुठं तक्रार करणार न्हाई. पोरीला कामावर घ्या."

मी हातातलं पत्र घडी करून खाली ठेवलं.

"तुझा काका आन् मामा दोघं बैठकीला बसले हुते त्या महिन्यात. पोरीला नांदायला परत पाठवा म्हणून. पाठीवर वळ घेऊन आलेली तू. मी एकटा किती दिवस न्हाई म्हणणार? आज हाय, उद्या न्हाई. तुझ्या हातात पगार आला तवा सगळे गप्प बसले का न्हाई? सांग."

बसले होते. पहिला पगार झाला आणि काका पुन्हा त्या विषयावर आला नव्हता. मी कधी त्याचा अर्थ लावला नव्हता.

"मग मला का नाही सांगितलंत?" माझाही आवाज चढला. "अकरा वर्षं मी मनात धरून बसले. मी तुम्हाला फसवलं म्हणून. रात्री तुम्ही खोकलात की मला वाटायचं मीच..."

"सांगितलं असतं तर गेली असतीस कामावर?"

"नसते गेले."

"म्हणून."

"पण त्यांनी तसं मागायला लावलंच का? तुमची छाती गेली ती त्यांच्या खोलीत. ते तुमचं होतंच, आबा. त्यावर काम विकत कशाला घ्यायला लागावं?"

"मग काय करायला पाहिजे हुतं मी?"

मी चूल पेटवली, भात टाकला, आणि आम्ही दोघं जेवलो. मला त्यांचा राग आला होता, मालकांचा आला होता, काकाचा, मामाचा, त्या पाठीवर वळ उठवणाऱ्याचा. आणि सगळ्यांत जास्त याचा, की एवढं सगळं लढून आणलेला कागद त्या माणसाला नको होता ज्याच्यासाठी मी तो आणला.

सकाळी उठले तर खाट रिकामी. आबांची टोपी खुंटीवर नव्हती. चपलाही नव्हत्या. खोकल्यामुळे ते गल्लीच्या तोंडापलीकडे कधी जात नसत. मी तशीच धावत सुटले. बाजाराच्या वळणावर एका बंद दुकानाच्या पायरीवर ते सापडले. इस्त्रीचा सदरा घातलेला, दम खात बसलेले.

"कुठं निघालात?"

"मोठ्या दवाखान्यात."

"दुखतंय काय?"

"न्हाई." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तिथं भांडीकुंडी, हत्यारं उकळायच्या खोलीत बायका लागत्यात, असं कुणी म्हणत हुतं. तुला काचेचं कळतंय. बोलून बघतो."

कालचा सगळा राग परत उसळून आला.

"आता तुमच्याकडं काय राहिलंय त्यांना द्यायला?" मी विचारलं.

रस्त्यावरून दूधवाले जात होते. मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले, पण घेतले नाहीत. खरे होते ते. मी त्यांच्या दंडाला धरून उठवलं. वाटलं होतं घरी नेईन. पण त्यांचे पाय दवाखान्याच्या दिशेनंच वळले, आणि मीही त्यांच्याबरोबर चालू लागले. दर विजेच्या खांबापाशी थांबत, हळूहळू.

त्या दवाखान्यात मी नंतर बावीस वर्षं काम केलं, आणि आबांनी त्यातली पहिली तीनच पाहिली. पण त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फाटकापाशी आबांनी टोपी सारखी केली आणि पहारेकऱ्याकडे जायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरला आणि फाटकाच्या आतल्या बाकावर त्यांना बसवलं.

"इथं बसा. माझं मी विचारते."

त्यांनी वर पाहिलं. चालून दम लागला होता, शब्द तुटत होते.

"आवाज चढवू नकोस," ते म्हणाले.

"बघते," मी म्हटलं आणि आत गेले.